विंगेतल्या सासूबाई

माझ्या सासूबाईंचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. तरुणपणी त्या नाटकात काम मागायला गेल्या, तेव्हा मॅनेजरनं त्यांना रंगमंचावर उभं केलं आणि स्वतः पार मागं जाऊन बसला. "बोला," म्हणाला. त्या बोलल्या. "अहो, बोला की," तो पुन्हा ओरडला. त्या बोलतच होत्या. शेवटी तो उठून एकेक रांग ओलांडत पुढं आला, आणि रंगमंचाच्या अगदी कडेला आल्यावर थबकला. तिथं त्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. त्यानं नाटकाची संहिता त्यांच्या हातात दिली आणि विंगेत एक स्टूल टाकून दिलं. थिएटर बंद पडेपर्यंत त्या त्याच स्टुलावर होत्या. नट अडखळला की त्याला पुढचा शब्द सांगायचा, इतक्या हळू की फक्त त्यालाच कळावा. थिएटरात सगळे त्यांना कुजबुजबाई म्हणायचे.

हे मला लग्नानंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आमचं गाद्या-उशांचं दुकान खाली आणि राहायच्या दोन खोल्या वर. सासरे माझा नवरा शाळेत असतानाच गेले. मग सासूबाई सकाळी दुकान बघायच्या आणि संध्याकाळी विंगेत जाऊन बसायच्या. मी आले तोवर थिएटर बंद पडून तिथं फर्निचरची प्रदर्शनं भरायला लागली होती, दुकान नवऱ्यानं हातात घेतलं होतं, आणि सासूबाईंना दुपारी झोपायची मुभा मिळाली होती.

मी कविता करायचे. कॉलेजात असल्यापासून करायचे, पण या घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. नव्या सुनेला स्वयंपाक येतो का हे सगळे विचारतात. कविता येते का, हे कुणी विचारत नाही. आपण होऊन सांगावं तर पंचाईतच.

दुपारी जेवणं झाली की अर्धं शटर खाली यायचं. नवरा माल पोचवायला जायचा. सासूबाई नव्या गाद्यांच्या चळतीवर चढून आडव्या व्हायच्या. "विकायच्या आधी कुणीतरी झोपून बघायला नको?" म्हणायच्या. गिऱ्हाइकांना मात्र हे कधी कळू द्यायच्या नाहीत. मी शटरखालून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात बसून उशांच्या खोळी शिवायचे. कापूस पिंजायचं यंत्र बंद झालं तरी कापूस बराच वेळ हवेत राहायचा. इतका हळू खाली यायचा की बघता बघता आपणच वर चाललोय असं वाटायला लागायचं. आवाज म्हणाल तर फक्त माझ्या सुईचा, आणि अधूनमधून सासूबाईंचा.

कारण झोपेत त्या बोलायच्या. स्वतःचं काही नाही, सगळं नाटकातलं. "सरदार, दार उघडा." मग बराच वेळ शांतता. मग, "मी इथं कुणाचीच वाट बघत नाहीये." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली सुई पडली. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"घाबरू नकोस. लहानपणी मी उत्तरं द्यायचो तिला. एकदा ती म्हणाली, सरदार, दार उघडा. मी म्हणालो, उघडंच आहे. तर झोपेतच म्हणते कशी, हे वाक्य तुझं नाही."

अशाच एका दुपारी मी शिवता शिवता पुटपुटत होते. एक ओळ आली होती, ती पुढं सरकेना. "दुपारच्या उन्हात कापूस उडतो, जणू कुणाचं तरी..." एवढं म्हणून थांबायचे. टाका घालायचे. पुन्हा, "जणू कुणाचं तरी..."

"स्वप्न," मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"आई, झोपेत बोलताय का?"

"नाही गं. जागी आहे. अडलीस म्हणून सांगितलं. सवय."

मला तर आनंदच झाला. "अहो, हाच शब्द होता माझ्या मनात! तुम्हाला कसा कळला?"

"तिथं तोच येतो. 'जणू कुणाचं तरी' म्हटल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? कुठल्या नाटकातलं आहे हे? आठवत नाही मला."

"नाटकातलं नाही." मग म्हटलं, आता लपवून काय उपयोग. "माझंच आहे."

त्यांनी डोळे उघडले. कुशीवर वळून, तळहातावर डोकं टेकवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारणार, हे उद्योग कधीपासून? पण त्या म्हणाल्या, "तुझं आहे होय? मग मला कळलेला शब्द कशाला घेतेस? नाटकात माझा शब्द बरोबर निघाला की नट तरायचा. इथं बरोबर निघाला तर तू बुडालीस."

एवढं बोलून त्या पुन्हा झोपल्या.

पुढचे काही दिवस मी त्या एका शब्दामागं हात धुऊन लागले. 'आठवण' आणली. मी 'जणू कुणाची तरी' म्हटल्याबरोबर त्यांनी ती ओळखली. 'हसू' आणलं, तेही ओळखलं. 'गाणं' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हे दुसऱ्या दमात आलं असतं." शेवटी वैतागून मी म्हटलं, "जणू कुणाची तरी शिंक!" आणि खरोखरच त्यांना शिंक आली. कापसाच्या दुकानात शिंकेला तोटा नाही. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या सायकलवाल्यानं शटरखालून डोकावून बघितलं.

"ते 'जणू' सोडून दे बाई," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तू कापूस बघितलायस का कधी?"

"रोजच तर बघते."

"उडताना बघतेस. बसताना?"

त्यांनी सरकून जागा केली आणि मीही चळतीवर चढले. दोघी उताण्या पडून बघत राहिलो. उन्हात हजार कण तरंगत होते. "एक धर," त्या कुजबुजल्या. मी एक पुंजका नजरेनं धरला. तो पंख्यापाशी गेला, तिथं थोडा घुटमळला. खाली येतोय म्हणेपर्यंत कुठल्याशा झुळकेनं पुन्हा वर गेला. मला झोप येत होती, पण नजर सुटत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. तो पुंजका भिंतीकडे वळला आणि सासऱ्यांच्या फोटोच्या काचेवर, बरोबर उजव्या भुवईवर जाऊन बसला. तिथं आधीच बरेच बसलेले होते. गेले तेव्हा सासऱ्यांचे केस काळेभोर होते, फोटोही तेव्हाचाच. पण त्या दुपारी खालून बघताना त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत होत्या.

संध्याकाळी मी ओळी जुळवल्या आणि दुसऱ्या दुपारी म्हणून दाखवल्या. शेवटच्या शब्दांपाशी मुद्दाम थांबले.

"कापूस उडतो दुपारभर.
कुठं बसतो, कुणी बघत नाही.
काचेवर, भुवयांपाशी बसतो.
फोटोतला माणूस
हळूहळू..."

"पुसट होतो," सासूबाई म्हणाल्या.

"म्हातारा होतो," मी म्हटलं.

त्या उठून बसल्या. फोटोकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. एवढंच म्हणाल्या, "मी एकटीच होतेय असं वाटायचं." त्या दिवसापासून त्यांनी तो फोटो पुसायचं बंद केलं. नवरा एकदा फडकं घेऊन निघाला होता, तर त्याच्यावर डाफरल्या.

मग तो आमचा रिवाजच झाला. मी म्हणायचे, त्या ओळखायच्या. ओळखला की मी शब्द टाकून द्यायचे. मला कवितेतलं काय कळतं, असं त्या सारखं म्हणायच्या, आणि ते काही उगाच नव्हतं. वृत्त, प्रतिमा असले शब्द त्यांना माहीत नव्हते. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की ऐकणारा माणूस शब्दाच्या पुढं पळत असतो. "लोक ऐकत नाहीत गं," त्या म्हणायच्या, "पुढचं धरून बसतात. त्यांनी धरलेलंच तू दिलंस तर ते म्हणतात, वा! आणि घरी जाऊन विसरतात."

पण शिकणाऱ्याला चांगली सवयसुद्धा बाधते. मला ओळख चुकवायची चटक लागली. त्यांना शब्द सापडला नाही की मला जिंकल्यासारखं वाटायचं. मग मी काहीच्या बाही लिहायला लागले. आकाशाला कोपर फुटलं, मंगळवारला गंज चढला, समुद्र खिशात घालून कोणी उलटा चालायला लागला. सासूबाई बिचाऱ्या एकामागून एक हरत होत्या. एके दिवशी मी अशीच एक ओळ अर्धवट सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. त्या छताकडे बघत होत्या.

"ओळखा ना."

"नाही ओळखता येत."

"हरलात?"

"हरले. पण खरं सांगू का? मला ओळखायचंही नाहीये."

त्या शांतपणे म्हणाल्या, आणि मला ते झोंबलं. मी खोळ बाजूला फेकली आणि वर निघून गेले. कवितेला कुणी नाक मुरडलं की स्वयंपाकाला नाक मुरडल्यापेक्षा जास्त लागतं. दोन-चार दिवस मी दुपारी दुकानात बसलेच नाही. त्यांनीही बोलावलं नाही. नवरा आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघायचा. सासू-सुनेचं वाजलंय एवढं त्याला कळलं होतं. मंगळवारच्या गंजावरून वाजलंय, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या आईचा फोन आला. आई दूरच्या गावी असते, फोनवर फार बोलत नाही. फोन ठेवल्यावर मी तिथंच जिन्यात बसले आणि जे बोलणं झालं होतं ते जवळजवळ तसंच उतरवून काढलं. मग खाली गेले. सासूबाई चळतीवर होत्या, डोळे मिटून. मी म्हणायला लागले.

"आई फोनवर विचारते,
झोप लागते का तिथं?
लागते, मी म्हणते.
एकटी असतेस का दुपारी?
नसते, मी म्हणते.
आई थोडी थांबते.
म्हणते..."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, विचारसुद्धा न करता.

मी हातातल्या कागदावर पेन टेकवलं. शेवटची ओळ तीच होती. खोडायला लागले, तोच त्या ताडकन उठून बसल्या.

"खबरदार."

"पण तुम्ही ओळखलंत."

"ओळखलं तर ओळखलं! तुझी आई दुसरं काय म्हणणार? मोठं काहीतरी बोलली असती तर ती तुझी आई राहिली नसती." त्यांनी वाकून माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "माझीही हेच म्हणायची. अगदी हेच. इथं दुसरा शब्द घातलास तर मी तुला दुपारची दुकानात बसू देणार नाही."

"मग मी ठरवायचं कसं? कुठं ओळखलेलं ठेवायचं आणि कुठं टाकायचं?"

"ते मला काय विचारतेस? मी विंगेतली बाई. मी शब्द सांगते. घ्यायचा की नाही ते समोरच्यानं बघायचं."

आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, माझं खरं शिकणं त्या दुपारी सुरू झालं. तोवर मी त्यांच्या जिवावर लिहीत होते, आधी त्यांचं ऐकून आणि मग त्यांना हरवायला.

आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा कवितावाचन व्हायचं. तिथल्या ग्रंथपाल बाई वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, कुणीही यावं आणि वाचावं. सासूबाईंनीच माझं नाव देऊन टाकलं. मला सांगितलं ते आदल्या दिवशी. मी पाठ करून म्हणायचं ठरवलं. कविता उशीवरची होती. दुपारी म्हणून बघायला लागले तर एक ओळ दर वेळी निसटायची. आणि ती माझी सगळ्यात लाडकी ओळ होती. सासूबाई प्रत्येक वेळी ती मुकाट्यानं सांगायच्या.

वाचनालयात माणसं जेमतेम होती, पण मला तो हॉल थिएटरएवढा वाटला. सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. माझी पाळी आली. मी सुरू केलं.

"दिवसभर मी उशा शिवते.
कुणाचं डोकं, कुठली रात्र,
माहीत नाही."

आणि पुढं पाटी कोरी. ती ओळ गेली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्यापासून चार पावलांवर होत्या, आणि त्यांचा आवाज नेमका तेवढाच पोचायचा. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मी डोळे मोठे केले. त्यांनी सावकाश पिशवीवर हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. हॉलमध्ये कुणी खोकेना, कुणाची खुर्ची वाजेना. पंख्याचं पातं फिरताना दिसत होतं, पण आवाज नव्हता. त्या शांततेत मी किती वेळ तरंगत होते, मला सांगता येणार नाही. शेवटी ती नाहीच आली, तिच्या पुढची ओळ आपोआप तोंडात आली.

"एक टाका उगाच जास्त घालते."

तिथून कविता सुरळीत संपली. खाली उतरले तर एक तरुण माणूस पुढं आला. खांद्याला बस कंडक्टरची कातडी पिशवी होती, ड्यूटीवरून तसाच आला असावा. "ताई," तो म्हणाला, "'माहीत नाही' म्हणून तुम्ही जे थांबलात ना, तिथं मला माझ्या घरची उशी आठवली." मी नम्रपणे मान खाली घातली. शेजारी सासूबाईंना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

घरी चालत येताना मी विचारलं, "का नाही सांगितलंत? ऐन वेळी तोंड फिरवलंत!"

"कुठली गं ती ओळ? म्हण बघू आता."

आता मला बरोबर आठवली. "श्वासांच्या रेशमी शिवणी उसवत जातात नकळत."

"हं. आता तिच्याशिवाय म्हण."

मी रस्त्यात, दिव्याच्या खांबापाशी उभी राहून तिच्याशिवाय म्हटली. काहीच कमी नव्हतं.

"एकच वाक्य आज हा नट विसरतो, उद्या तो विसरतो," त्या म्हणाल्या. "आधी मला वाटायचं, नट आळशी. मग लक्षात आलं, वाक्यच तिथं राहायला तयार नसतं. तुला तर ते रोज सांगत होतं, मी जाते म्हणून."

"मग घरीच सांगायचंत."

"घरी सांगितलं असतं तर भांडली असतीस. ओळ लाडकी होती ना?" मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "पण भीती मलाही वाटली हो. आयुष्यात पहिल्यांदा येत असून गप्प बसले. घामानं पिशवी ओली झाली बघ."

तो कंडक्टर पुढं सुट्टीच्या दिवशी दुकानात यायला लागला. त्याची कविता चांगली होती, पण म्हणायचा अशी की शेवटच्या सीटवरच्या माणसालाही तिकीट काढावं लागेल. सासूबाईंनी त्याला गाद्यांच्या चळतीवर झोपवलं आणि म्हणाल्या, "आता मला सांग. मलाच. अख्ख्या बसला नाही." त्याला ते जमायला फार दिवस लागले. पण हळू बोलायला लागल्यावर त्याच्या अर्ध्या ओळी त्यालाच नकोशा झाल्या. ओरडताना त्या खपून जात होत्या. कधी दोघं एकदम झोपी जायची. सासूबाई झोपेत म्हणायच्या, "सरदार, दार उघडा," आणि कंडक्टर झोपेतच म्हणायचा, "पुढं सरका, पुढं सरका." मी खाली बसून शिवत असायचे. त्या दुपारी आता आठवल्या की एकमेकींत मिसळून जातात. ऊन, कापूस, दोन झोपलेली माणसं आणि कुणाचीतरी अर्धी ओळ. त्यात कुठली दुपार आधीची आणि कुठली नंतरची, ते मला वेगळं काढता येत नाही.

मग सासूबाईंच्या मोठ्या बहिणीचं कमरेचं हाड मोडलं. या मावशी तलावाकाठच्या एका लहानशा गावात एकट्या राहायच्या. सासूबाई महिनाभरासाठी म्हणून गेल्या आणि तिथल्याच झाल्या. "ताईला माझ्याशिवाय कोण आहे?" म्हणाल्या. हे खरंच होतं. फोनवर त्यांच्याशी कविता बोलावी तर त्यांचा आवाज फोनमध्ये पोचायचाच नाही. "हॅलो, हॅलो" करण्यातच फोन संपायचा.

मी नवऱ्याला धरून बसवलं. म्हटलं, मी ओळ म्हणते, पुढचा शब्द तू सांग. तो आनंदानं तयार झाला. पण त्याला प्रत्येक ठिकाणी 'झोप' सुचायची.

"तळ्याकाठी उभी आहे एक..."

"झोप."

"अरे, झोप उभी कशी असेल?"

"का नाही? गिऱ्हाईक तर उभ्या उभ्या झोपतं आपल्याकडे." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "राहू दे गं. आईचं काम आईलाच येतं."

बरेच महिने मला काही लिहिता आलं नाही. जे लिहायचे ते शेवटच्या शब्दापाशी येऊन उभं राहायचं आणि मागून आवाजाची वाट बघायचं. आवाज यायचा नाही. कंडक्टर यायचा, त्याचं मी ऐकायचे, मला जमेल तसं सांगायचे. त्याचं ऐकता ऐकता एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्याच्या ओळीच्या पुढं मी पळतेय आणि शब्द आधीच धरून बसलेय. संध्याकाळी स्वतःची जुनी अडलेली कविता काढली आणि ती परक्या माणसाची असल्यासारखी ऐकली. तिचा शेवटचा शब्द मला आधीच कळला. मी तो खोडला. त्या जागी काय घालायचं ते त्या दिवशी सुचलं नाही, पण खोडता आलं याचंच बरं वाटलं.

त्या वर्षी माझ्या दोन कविता एका मासिकात आल्या. लोक बोलवायला लागले. मी नवे कपडे शिवून घेतले आणि आरशासमोर म्हणून बघायला लागले. त्याच सुमारास सासूबाईंचा निरोप आला, या, मी नाटकात आहे. आम्हाला वाटलं, पुन्हा विंगेत बसल्या असतील. गेलो तर गावातल्या बायकांनी बसवलेलं नाटक होतं आणि सासूबाई चक्क रंगमंचावर होत्या. काम म्हणजे खिडकीपाशी बसलेली म्हातारी. एकही वाक्य नाही. पूर्ण अंकभर त्या पिवळ्या उजेडात बसून होत्या. केस बांधलेले, हात मांडीवर. नवरा माझा हात दाबून म्हणाला, "बघ, बघ, तिचे ओठ." सगळ्यांची सगळी वाक्यं त्या मनात म्हणत होत्या.

नाटक संपल्यावर आम्ही मागं गेलो. त्या खुर्चीवर बसून तोंडाचा रंग पुसत होत्या.

"कसं वाटलं आई, उजेडात?" मी विचारलं.

"अगं, उजेडात बसलं की ऐकायला कमी येतं," त्या नवलानं म्हणाल्या. "एवढी माणसं बघतायत, हात कुठं ठेवू, पाय दिसतोय का, यातच माझा जीव. कोण काय बोललं, धड डोक्यात शिरलं नाही. ओठ तेवढे सवयीनं हलले."

"मग परत नाही करणार?"

"वा! का नाही? फार आवडलं मला." आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. पण मी घरी आल्यावर ज्याच्यासमोर कविता म्हणायचे तो आरसा कपाटाच्या आतल्या बाजूला लावला.

आता मी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जाते. घर तलावाला लागूनच आहे. दुपारी पाण्यावरचा उजेड छतावर हलत राहतो. तिघी तीन खाटांवर पडतो. मावशींना ऐकू कमी येतं, त्यामुळे मी वाचायला लागले की त्या विचारतात, "कुणाचं काय झालं?" सासूबाई म्हणतात, "हिला ऐकू जाईल असं वाच." मग मला ओरडून वाचावं लागतं. ओरडून वाचल्यावर नाजूक कवितांचं पार भजं होतं. टिकतात त्या थोड्याच.

गेल्या खेपेला मी दुकानातल्या एका गिऱ्हाइकावर लिहिलेली कविता नेली होती. मावशींच्या कानाशी जाऊन वाचली.

"एका बाईनं दोन उशा नेल्या.
आठवड्यानं एक परत आणली.
जास्त झाली, म्हणाली.
मी काही विचारलं नाही.
उशीला डाग नव्हता, वास नव्हता,
साधा खळगासुद्धा नव्हता."

मावशी थांबून राहिल्या. "मग? पुढं काय झालं त्या बाईचं?"

"मला माहीत नाही, मावशी."

"माहीत नाही? अगं, मग विचारायचं नाही का?" त्या खरोखर चिडल्या. मग छताकडे बघत स्वतःच म्हणाल्या, "मुलगा यायचा होता तिचा. राहायला. आला नाही."

"मुलगा नाही," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "बहीण असेल."

"काय म्हणालीस?"

सासूबाई उठून मावशींच्या खाटेवर जाऊन बसल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "बहीण. बहिणीसाठी नवी उशी माणूस मुलापेक्षा जास्त हौसेनं घेतं."

"काहीतरीच! बहीण असती तर हिनं उशी परत कशाला केली असती? ठेवली असती, आज ना उद्या येईल म्हणून."

"आणि मुलासाठी नसती ठेवली?"

दोघींची जुंपली. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीचा आवाज पोचत नव्हता, त्यामुळे भांडण संपायचं चिन्हच दिसेना. बाईचं वय ठरलं, घर ठरलं, खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेही ठरलं. मला मध्ये कुणी काही विचारलं नाही. मी आपली खाटेवर पडून, छतावरचं पाणी बघत, ऐकत राहिले.